इम्युनिटी दाबली, तरी मायलिन परत का येत नाही?

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भावाचं वय ३४. तीन वर्षांमागे एका डोळ्याला धूसर दिसू लागलं, काही महिन्यांनी डावा पाय जड झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं निदान झालं; यात प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन चढवतात. नवा झटका आलेला नाही, एमआरआयवर नवा डाग नाही. तरी यंदा मार्चपासून संध्याकाळ झाली की डावा पाय ओढत चालतो. ताई विचारतात, हल्ला थांबला आहे तर गेलेलं मायलिन भरून का येत नाही? नात्यातल्या एका मुलाने कुठेतरी वाचून सांगितलं की मायलिन बनायला प्रतिकारशक्तीच्या पेशीच मदत करतात. मग इंजेक्शन देऊन आपण भरून येणंच अडवतोय का? आणि आई रोज सकाळी गुळवेलीचा काढा देते, 'इम्युनिटी वाढायला'. तो चालेल का?

प्रश्न तीन दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. प्रतिकारशक्तीचे संदेश मायलिन बनवणाऱ्या पेशीला मारतात की जगवतात? ताई, ते दोन्ही करतात. संदेश कोणता, तो पेशीच्या कुठल्या दारावर पोचला, इजा होऊन किती दिवस झालेत आणि मेंदूचं वय काय, यावर ते ठरतं. म्हणून 'इम्युनिटी दाबा' किंवा 'इम्युनिटी वाढवा' अशा घाऊक भाषेत या आजाराचा विचार केला की गोंधळ होतो. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्याच्या पाठीच्या कण्याचा एमआरआय पाहिलेला नाही, त्यामुळे पायाबद्दल पुढे जे लिहिते आहे ते त्याच्या डॉक्टरांसमोर ठेवण्यासाठी आहे.

आधी ती पेशी समजून घेऊ. मेंदू आणि मज्जारज्जूत मायलिन बनवते ती ऑलिगोडेंड्रोसाइट नावाची पेशी. एक पेशी वेगवेगळ्या तंतूंवरचे चाळीस-पन्नास तुकडे एकटी गुंडाळू शकते. मायलिन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो, उघड्या बारीक तंतूत तो सेकंदाला एक-दोन मीटरवर येतो. शिवाय ही पेशी तंतूला ऊर्जाही पुरवते, त्यामुळे ती मेली की तंतू नुसता उघडा पडत नाही, उपाशीही राहतो. एवढं आवरण तयार करायचं म्हणजे पेशीच्या आत प्रथिनं आणि चरबी बनवण्याचं काम प्रचंड. त्यात तिच्यात लोह भरपूर आणि रासायनिक ताण झेलण्याची क्षमता बेताची. म्हणून सूज आली की शेजारच्या पेशी ज्यातून निभावतात, त्यात ही आधी बळी पडते.

आता भरून येण्याचं. माणसाच्या मेंदूतल्या या पेशी किती जुन्या असतात ते १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ वरून मोजता आलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून दिसलं की मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या बहुतेक ऑलिगोडेंड्रोसाइट पहिल्या पाच वर्षांतच तयार होतात आणि नंतर वर्षाला साधारण तीनशेत एक एवढीच बदलली जाते. म्हणजे तुमच्या भावाच्या बऱ्याचशा पेशी त्याच्या बालवाडीच्या वयातल्या आहेत. पण मेंदूत राखीव फौजही असते. पूर्वपेशी, इंग्रजी आद्याक्षरांनी ओपीसी, या प्रौढ मेंदूतल्या एकूण पेशींच्या सुमारे पाच टक्के असतात आणि आयुष्यभर टिकतात. इजा झाली की त्या तिथे सरकतात, वाढतात, पक्व होतात आणि तंतू पुन्हा गुंडाळतात. नवं मायलिन पातळ आणि आखूड असतं, पण काम करतं. पहिल्या झटक्यानंतर भावाची नजर बरीच परतली असेल तर त्यात सूज ओसरण्याबरोबर या दुरुस्तीचाही वाटा असू शकतो.

मग ही दुरुस्ती अडते कुठे? इथेच प्रतिकारशक्तीचे संदेश येतात.

इंटरफेरॉन गॅमा या संदेशाचं उदाहरण घ्या. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी तो सोडतात. १९८७ साली एमएसच्या १८ रुग्णांना तो औषध म्हणून देऊन पाहिला गेला, आणि उपचार चालू असतानाच त्यांतल्या ७ जणांना झटके आले. तो प्रयोग तिथेच थांबला, पण त्यातून मोठी गोष्ट कळली. पुढे उंदरांवरच्या कामात खोलात दिसलं की मायलिन बनवायला घेतलेल्या पेशीवर हा संदेश पडला तर आतली प्रथिनं बनवण्याची यंत्रणा कोलमडते आणि दुरुस्ती मंदावते. पण तोच इंटरफेरॉन गॅमा थोड्या प्रमाणात, आजार सुरू होण्याआधी मिळाला, तर पक्व पेशी आपली ताण सोसण्याची तयारी आधीच करून ठेवते आणि तगून राहते. संदेश एकच, वेळ आणि मात्रा बदलली की निकाल उलटा.

दुसरं उदाहरण टीएनएफचं, आणि ते रोजच्या प्रॅक्टिसला थेट लागू आहे. टीएनएफ हा सुजेचा मोठा संदेश. तो अडवला की संधिवात सुधारतो, मग एमएसही सुधारेल असं वाटणं साहजिक होतं. लेनरसेप्ट नावाचं टीएनएफ अडवणारं औषध १६८ रुग्णांवर तपासलं गेलं. १९९९ मध्ये निकाल छापून आले तेव्हा औषध घेणाऱ्यांना झटके जास्त आणि लवकर आले होते. कारण टीएनएफला दोन रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची दोन दारं, आहेत. एकावरून सूज आणि पेशीमरण चालतं, दुसऱ्यावरून पूर्वपेशींना वाढण्याचा इशारा मिळतो. २००१ साली उंदरांत हा दुसरा रिसेप्टर काढून टाकला तेव्हा पूर्वपेशी कमी वाढल्या आणि मायलिन नीट परतलं नाही. दोन्ही दारं एकदम बंद करणाऱ्या औषधाने हल्ल्याबरोबर दुरुस्तीही बंद केली असणार. म्हणून संधिवात, सोरायसिस किंवा आतड्यांच्या सुजेसाठी इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, एटानरसेप्ट या टीएनएफ अडवणाऱ्या औषधांपैकी काही सुरू करण्याआधी रुग्णाला किंवा घरात कुणाला एमएस आहे का, हे मी नेहमी विचारायला लावते. तुमच्या भावाला उद्या कंबर आखडण्यासाठी कुणी अशी सुई सुचवली तर एमएसचा कागद आधी पुढे करा.

तुमच्या नातेवाईक मुलाने वाचलेलं खरं आहे ते इथे. इजा झाल्यावर तिथे फुटक्या मायलिनचा कचरा साचतो, आणि त्या कचऱ्यातले काही घटक पूर्वपेशीला पक्व होऊ देत नाहीत. तो कचरा उचलतात मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्याच सफाई करणाऱ्या पेशी, आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशी. सुरुवातीला त्या आक्रमक असतात आणि पूर्वपेशींना बोलावून वाढवतात. नंतर त्यांचा स्वभाव बदलतो आणि त्या पक्व होण्याचे संदेश सोडू लागतात. हा बदल झाला नाही तर पूर्वपेशी जागेवर येऊन तशाच पडून राहतात. एमएसच्या जुन्या डागांत कितीतरी ठिकाणी हेच दिसतं. नियामक टी पेशीही मदत करतात. हल्ला आवरण्याच्या त्यांच्या कामाशिवाय त्या सीसीएन३ नावाचं प्रथिन सोडून पूर्वपेशींना थेट पुढे ढकलतात, हे बेलफास्टच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांत दाखवलं.

आपल्या गोव्यातल्या खाडीकाठच्या खाजन शेतीत पावसाळी पीक उभं असताना मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार लावून खारं पाणी बाहेर ठेवतात, आणि कापणी झाल्यावर तेच दार उघडून तेच पाणी मासळीसाठी आत घेतात. प्रतिकारशक्तीचं काम मेंदूत असंच वेळेवर चालतं. एमएसमध्ये दार बिघडतं: नको त्या वेळी उघडतं आणि हवं तेव्हा अडकून बसतं.

वयही यात मोठं आहे. २०१२ च्या एका प्रयोगात म्हाताऱ्या आणि तरुण उंदराचा रक्तप्रवाह जोडला, तेव्हा तरुणाच्या भक्षक पेशींनी म्हाताऱ्याच्या मज्जारज्जूतला कचरा चांगला साफ केला आणि तिथलं मायलिन जोमाने परतलं. वय वाढतं तशी साफसफाई मंदावते आणि पूर्वपेशीही आळसावतात. उपचार लवकर सुरू करण्याचा मी आग्रह धरते त्यामागे हे आहे. तिशीत वाचवलेला तंतू आणि भरून आलेलं मायलिन पन्नाशीत मिळवता येत नाही.

आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांत पुढे आली, जिने माझा स्वतःचा या पेशीकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. ऑलिगोडेंड्रोसाइट ही बिचारी, मार खाणारी पेशी, असं आम्ही शिकलो होतो. २०१८ आणि २०१९ मध्ये एकेका पेशीचे जनुक वाचणाऱ्या तंत्राने दिसलं की सुजलेल्या मेंदूत या पेशी आणि त्यांच्या पूर्वपेशी स्वतःच प्रतिकारशक्तीच्या पेशींसारख्या वागू लागतात. इंटरफेरॉन गॅमा मिळाला की त्या आपल्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे मांडून टी पेशींना दाखवतात. म्हणजे मायलिन बनवायला आलेली पूर्वपेशी काम सोडून पहारेकऱ्याचं काम करू लागते, आणि त्याच मांडणीमुळे टी पेशींच्या नजरेत भरून मारलीही जाते. सुजेतून पेशी बाहेर आल्याशिवाय दुरुस्ती सुरू होणं अवघड का, हे यावरून कळतं.

आता इंजेक्शन. रिटुक्सिमॅब मायक्रोग्लियाला हात लावत नाही, नियामक टी पेशी मोठ्या प्रमाणात तशाच राहतात. ते प्रतिकारशक्तीच्या बी पेशी, ज्यांच्यावर सीडी२० हे प्रथिन असतं, त्या रक्तातून काढतं. या बी पेशी टी पेशींना भडकवतात आणि सुजेचे संदेश स्वतःही सोडतात. एमएस रुग्णांच्या रक्तातल्या बी पेशींनी सोडलेला द्रव प्रयोगशाळेत ऑलिगोडेंड्रोसाइटवर घातला तर त्या मरतात, निरोगी माणसाच्या बी पेशींचा द्रव घातला तर तसं होत नाही, हे २०१२ मध्ये दिसलं. त्यामुळे इंजेक्शन दुरुस्ती अडवतंय ही भीती सोडा, आणि या कारणाने एकही डोस चुकवू नका. पण त्याच्याकडून दुरुस्तीची अपेक्षाही ठेवू नका. शिरेतून दिलेल्या रिटुक्सिमॅबपैकी मेंदूभोवतीच्या द्रवात पोचतं ते रक्तातल्या मात्रेच्या सुमारे ०.१ टक्के. जुन्या डागांच्या कडेला लोहाने भरलेल्या मायक्रोग्लिया धुमसत राहिल्या असतील तर त्यांच्यापर्यंत ते फारसं जात नाही. साध्या एमआरआयवर अशी कडा दिसत नाही, आणि 'नवा डाग नाही' हा रिपोर्ट खरा असूनही पाय हळूहळू बिघडू शकतो.

म्हणजे हल्ला थांबवण्याची औषधं आपल्याकडे चांगली आहेत, धुमसणारी सूज विझवणारी अजून कच्ची आहेत, आणि मायलिन परत आणणारं खात्रीचं एकही नाही.

तरी तुमच्या भावाच्या पायाबद्दल मी लगेच 'आजार वाढला' म्हणणार नाही. तुमच्या प्रश्नातला 'मार्चपासून' आणि 'संध्याकाळी' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश जेमतेम पार होत असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तंतूवरची सोडियमची दारं लवकर मिटतात आणि तो वाटेतच विझतो. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहॉफ यांनी हे वर्णन केलं, म्हणून त्याला ऊटहॉफचा परिणाम म्हणतात. काजूच्या मोसमात आपल्याकडे घाम येतो पण सुकत नाही, आणि माझी ओपीडी अशा तक्रारींनी भरते. एक तरुण रुग्ण मे महिन्यात दुपारी कदंब बसमधून उतरून चढ चालून आला तेव्हा उजव्या डोळ्याने तक्त्यावरची फक्त वरची दोन अक्षरं वाचत होता. त्याला पंख्याखाली बसवलं, मानेवर ओला टॉवेल ठेवला, थंड पाणी दिलं. दुसरा रुग्ण तपासून होईपर्यंत तो खालून दुसरी ओळ वाचू लागला. नवी इजा असती तर नजर अशी अर्ध्या तासात परतली नसती.

म्हणून घरी एवढं करा. घरात २५ फूट, म्हणजे सुमारे साडेसात मीटर, अंतर खुणा करून मोजा. भाऊ ते सुरक्षितपणे पण शक्य तितक्या लवकर चालतो तेव्हा किती सेकंद लागतात ते सकाळी थंड वेळेला आणि त्याच संध्याकाळी लिहा, आणि महिन्यातून एकदा तेच करा. शेजारी त्या दिवशी ताप, लघवीला जळजळ, झोप, काय होतं तेही लिहा. सकाळची वेळ स्थिर आणि संध्याकाळची वाईट असेल तर उकाडा आणि थकवा हे कारण जास्त शक्य आहे. सकाळचीच वेळ महिन्यामागून महिना वाढत जाऊन मूळच्या वेळेपेक्षा २० टक्क्यांहून जास्त झाली तर ती खरी घसरण समजून डॉक्टरांकडे जा. आणि पाय दोन-तीन दिवसांत अचानक गळाला, किंवा लघवी अडली, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. लघवीचा संसर्ग किंवा पावसाळ्यातला डेंग्यू असला तरी जुनी लक्षणं उफाळून येतात. आधी तो तपासावा लागतो, स्टिरॉइड नंतर.

डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: निदानाच्या वेळी अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन प्रतिपिंडांची तपासणी झाली होती का? डोळा आणि मज्जारज्जू यांवर हल्ला करणारे दुसरे आजारही आहेत. अ‍ॅक्वापोरिनच्या आजारात मूळ निशाण्यावर मेंदूतली आधार देणारी पेशी ॲस्ट्रोसाइट असते आणि ऑलिगोडेंड्रोसाइट तिच्यामागून मरते. मॉगमध्ये प्रतिपिंड थेट मायलिनच्या बाहेरच्या थरावरच्या प्रथिनाला चिकटतात. पुढे कधी औषध बदलायचं ठरलं तर हा फरक निर्णायक आहे, कारण इंटरफेरॉन बीटा किंवा फिंगोलिमोड एमएसमध्ये चालतं, अ‍ॅक्वापोरिनच्या आजारात त्याने बिघडू शकतं.

मायलिन वाढवणाऱ्या गोळीबद्दल तुमचा नातेवाईक पुढच्या वेळी क्लेमास्टिनचं नाव काढेल, म्हणून आत्ताच सांगते. हे अ‍ॅलर्जीचं जुनं औषध. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० रुग्णांच्या अभ्यासात त्याने डोळ्याच्या नसेतला संदेश सरासरी १.७ मिलिसेकंदांनी लवकर पोचला. ती मायलिन परतल्याची खूण होती, म्हणून आम्ही सगळे उत्साहाने वाचत होतो. पण पुढे आजार हळूहळू वाढत असलेल्या रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात क्लेमास्टिनचा गट मध्येच थांबवावा लागला, कारण काहींचं अपंगत्व वेगाने वाढलं. पूर्वपेशीला ढकलायचं आणि भोवतालची सूज तशीच ठेवायची, याने नुकसान होऊ शकतं, असं मी त्यातून समजते. कुठूनही मागवून स्वतःहून देऊ नका.

काढा मात्र बंद करा. आईंना वाईट वाटेल, पण त्यांना सांगा की त्यांच्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या जागी भडकली आहे. कोविडच्या काळात गुळवेल नेमाने घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याचे रुग्ण भारतातच नोंदले गेले, आणि आधीच ऑटोइम्यून आजार असलेल्यांना तो धोका जास्त दिसला. आईंना मुलासाठी काही करायचंच आहे ना, तर दुसरी कामं देते. घरात कुणी सिगारेट किंवा बिडी ओढत असेल तर ती बंद करायला लावायची. भावाची ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून डॉक्टर सांगतील तेवढंच द्यायचं. लसींची वही सांभाळायची, आणि जिवंत विषाणूची लस कुणी सुचवली तर नकार द्यायचा. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली होती का, आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची, पातळी मधूनमधून पाहिली जाते का, हे ताई, तुम्ही विचारा.

व्यायाम थांबवू नका. पहाटे किंवा रात्री, पंख्यासमोर, आधी थंड पाण्याने अंघोळ करून. पायाचा पंजा खाली पडत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून घोट्याचा पट्टा बसवून घ्या, घसरून पडणं त्याने वाचतं. आणि हे पैशांचं काम आहे म्हणून सांगते: २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. पायाचा त्रास टिकून राहिला तर दिव्यांगत्वाच्या मूल्यमापनासाठी अर्ज करायला लाजू नका. निदानाचा कागद, एमआरआयच्या सीडी आणि तुम्ही लिहिलेली ती सेकंदांची वही सोबत न्या.